बर्फातल्या साहेबाची पोथी

गुरुलिंग मास्तरांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि गावात हा त्यांचा दोषच समजला जायचा. पोरगं नापास झालं की बापाच्या तोंडावर सांगायचे, "मठ्ठ आहे, औताला लावा." कुणी पत्र वाचून घ्यायला आलं आणि पत्रात शिवी निघाली, तर मास्तर शिवीसुद्धा वाचायचे, काही न गाळता. अशा माणसानं श्रावणातल्या एका सोमवारी, भरल्या मठात, पंचवीस-तीस बायांसमोर, पुस्तकात नसलेलं वाचलं. वाईट हेतूनं वाचलं नाही. पण हेतू चांगला होता म्हणून कुणाचं वाटोळं व्हायचं राहिलं, असं मी तरी कुठं बघितलेलं नाही.

गाव निजामाच्या मुलखात, लोहाऱ्यापासून दोन कोसांवर. निम्मी घरं लिंगायतांची, निम्मी मराठ्यांची. काही घरांत कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू. मास्तर हैदराबादला राहून मॅट्रिक झालेले, त्यामुळं इंग्रजी येणारा आसपासच्या दहा गावांत तोच एक माणूस. या इंग्रजीचा गावाला उपयोग वर्षातून एखाद्या वेळी, कुणाची तार आली तर.

ते पुस्तक त्यांना सोलापुरात मिळालं. बायकोला, इरम्माला, घेऊन ते तिथल्या एका दवाखान्यात तीन आठवडे राहिले होते. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, त्या दुपारी मास्तर गाडी ठरवायला बाहेर पडले आणि का कुणास ठाऊक, रद्दीवाल्याच्या पथारीपुढं जाऊन उभे राहिले. निळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक होतं. उघडलं तर आकडेच आकडे. तारीख, वेळ, पारा, वारा. दक्षिण ध्रुवाकडं गेलेल्या कुणा डॉक्टर व्हाल नावाच्या शास्त्रज्ञाची ती रोजनिशी होती. मास्तरांनी ती काखेत मारली. इरम्मा वाटेतच, नळदुर्गाच्या अलीकडं, गाडीत गेली.

मास्तरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, माणूस आहे का धोंडा! माती झाली, पाहुणे पांगले, आणि मास्तर पुस्तक घेऊन बसले.

व्हालसाहेब आणि त्याचे दोन सोबती, असे तिघं जण. जहाजानं त्यांना बर्फाच्या किनाऱ्यावर सोडलं, सोबत वर्षाचा शिधा दिला आणि वर्षानं न्यायला येतो म्हणून सांगितलं. तिथली थंडी मोजायची, वारा मोजायचा, एवढंच काम. वर्ष झालं, पण समुद्रच गोठला आणि जहाज आलं नाही. शिधा संपत आला. एक सोबती बर्फाच्या भेगेत पडून गेला, दुसरा हिरड्या सडून, रक्त ओकून गेला. साहेब मात्र दिवसातून तीन वेळा खोपटाबाहेर जायचा, पारा बघायचा आणि लिहायचा. सोबती मेला त्या दिवशीही तीन वेळा. आकड्यांच्या खाली एकच ओळ, 'आजपासून आम्ही दोघं.' पुढं चार महिन्यांनी, 'आजपासून मी.'

मास्तरांना वाटलं, हा आपला माणूस. रडायचं कसं ते यालाही माहीत नाही.

शेवटच्या पानावर तारीख होती. पुढं 'सकाळ' असं लिहिलं होतं, 'पारा' असं लिहिलं होतं, आणि आकड्याची जागा कोरी होती. त्याच्याखाली साहेबाच्या भावानं छापलेल्या चार ओळी. दोन वर्षांनी देवमाशाची शिकार करणारे खलाशी त्या खोपटात शिरले, तेव्हा साहेब फळीवर निजलेला सापडला, त्यांनी त्याच्यावर दगड रचले आणि वही घेऊन आले. मास्तरांनी पुस्तक अकरा वेळा वाचलं. दर वेळी त्या कोऱ्या जागेपाशी छातीत काहीतरी दाटून यायचं आणि तिथंच अडकायचं. त्यांना वाटायचं, हे चारचौघांत वाचता आलं, आणखी कुणी आपल्याबरोबर हळहळलं, तर कदाचित ते वाहून जाईल.

तशी संधी त्रेचाळीस सालच्या श्रावणात चालून आली. मठात दर श्रावणी दुपारी पुराण सांगणारे धुळाप्पा, त्यांचं अर्ध अंग आषाढातच लुळं पडलं. आता पुराण कोण सांगणार? बंडप्पा वाण्याची नीलम्मा चार बाया घेऊन मास्तरांच्या दारात आली.

"मास्तर, श्रावण सुना जाऊ द्यायचा व्हय? तुमी सांगा."

"मला पुराण येत नाही. एक पुस्तक आहे, ते मराठीत सांगत वाचीन. त्यात देव नाही, राजा नाही. एक माणूस आहे."

"माणूस तर माणूस," नीलम्मा म्हणाली. "बसायला कारण पायजे."

झालं. मठाच्या ओसरीत चौरंग मांडला. मास्तरांनी लाख सांगितलं की ही पोथी नव्हे, पण बायांनी निळ्या पुठ्ठ्याला हळदकुंकू वाहिलं, वर बेलाचं पान ठेवलं, नारळ फोडला. पहिल्या दिवशी बर्फ म्हणजे काय हे समजावण्यातच दुपार गेली. मास्तर म्हणाले, "गारा बघितल्यात ना? तिथं भुईच गारांची. खाली गारा, वर गारा, समुद्र गारांचा." बायांनी तोंडात बोटं घातली. नीलम्मानं विचारलं, "मंग त्यो सायेब परसाकडं कुठं जातो?" यावर सगळा मठ हसला, आणि मास्तरसुद्धा, इरम्मा गेल्यापासून पहिल्यांदाच, गालात हसले. सातव्या दिवशी साहेबाची बोटं थंडीनं काळी पडली, तर आठव्या दिवशी नीलम्मा घरून घोंगडी घेऊन आली आणि वाचन संपल्यावर तिनं ती पुस्तकावर पांघरली. इतकी भाबडी माणसं. त्यांना खोटं सांगणं फार सोपं होतं, आणि म्हणूनच कुणी सांगायला नको होतं.

या बायांत द्वारकाबाई असायची. पन्नाशीची, विधवा, हाडापेरानं मजबूत, आपलं शेत आपण बघणारी. तिचा एकुलता एक बब्रुवान सोलापूरला जाऊन पलटणीत भरती झाला होता. जपान्यांपुढं शिंगापूर पडलं, त्यानंतर सरकारी कागद आला, ठावठिकाणा लागत नाही म्हणून. तो कागद मास्तरांनीच वाचून दाखवला होता. घरात आता ती आणि सून सिताबाई, वीस वर्षांची. लग्नानंतर नवऱ्याचा सहवास मोजून आठ महिने. सासू-सुना रोज यायच्या. सासू पुढं बसायची, सून खांबाआड.

बाराव्या दिवशी मास्तरांनी पहिला सोबती भेगेत पडल्याचं वाचलं आणि द्वारकाबाईनं एकदम पदर तोंडात कोंबला. हुंदके आवरेनात. ती उठून गेली. बाकीच्या बाया पांगल्यावर नीलम्मा मागं राहिली.

"मास्तर, तुमाला म्हाईत न्हाय. द्वारकाबाईनं कौल लावलाय."

"कसला कौल?"

"पोथीवर. पैल्या दिवशी सुपारी ठिवली न्हाय का तिनं? देवाला फूल लावून उजवं पडतंय का डावं बघत्यात, तसं. सायेब घरी माघारी आला तर बब्रुवान जित्ता हाय. न्हाय आला तर…" नीलम्मानं बांगडी सारखी केली. "बोलून दाखवायचं नसतंय. पर माझ्यापाशी बोलली. सायेब येतो का ओ?"

मास्तरांनी चौरंगावरचं पुस्तक उचललं. ते म्हणाले, "अजून पुढचं वाचायचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते द्वारकाबाईच्या दारात गेले. म्हणाले, हे नुसतं पुस्तक आहे. साहेब आपल्या देवाचा नाही, धर्माचा नाही, त्याला तुमचा मुलगा ठाऊक नाही, त्याच्यावर असा भार घालू नका. द्वारकाबाई जात्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, दीड साल झालं, देव बोलंना. समद्यांना इचारून झालं. तुळजापूरला जाऊन आले, रामलिंगाला जाऊन आले. म्हटलं, ह्यो एक नवा हाय, ह्याला तरी इचारावं."

"मग मी वाचन बंदच करतो."

तिनं जातं थांबवलं. "पोथी अर्धी ठिवायची? मास्तर, माझा लेक तिथंच मधी अडकला तर?"

यावर शहाण्या माणसानं काय बोलायचं ते मला माहीत नाही. मास्तर परत आले आणि त्यांनी ठरवलं की वाचायचं, पण हळूहळू. अर्धं पान, पाव पान. वाऱ्याचे आकडे वाचायचे, उलगडून सांगायचे. पण श्रावणाला काही शंभर दिवस नसतात. शेवटचा सोमवार आला.

त्या दिवशी ते खरं वाचायचं म्हणूनच घरून निघाले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. वाटेत त्यांनी शब्द जुळवले होते. 'आकड्याची जागा कोरी आहे,' असं म्हणायचं, थोडं थांबायचं, मग दगड रचल्याचं सांगायचं. मठात आले तर चौरंगाभोवती रांगोळी. पुरणपोळीचा नैवेद्य. द्वारकाबाई धुवट पातळ नेसून अगदी समोर बसलेली, हात जोडलेले, ओठ पांढरे पडलेले. मागं तीस बाया. मास्तरांनी शेवटचं पान उघडलं. तारीख वाचली. 'सकाळ' वाचलं. 'पारा' वाचलं. मान वर केली आणि द्वारकाबाईची नजर त्यांच्या नजरेत घुसली.

"आणि तेवढ्यात," मास्तर म्हणाले, "साहेबाला लांबून भोंगा ऐकू आला."

मठातून एक सुस्कारा फिरला. पुढचं सगळं आपसूक आलं. जहाज बर्फ फोडत आलं, खलाशांनी साहेबाला घोंगडीत गुंडाळून उचललं, गरम दूध पाजलं. महिनाभर पाण्यावरून प्रवास. बंदरावर त्याची बायको उभी, तिनं त्याला ओळखलंच नाही, दाढी छातीपर्यंत आलेली. मग त्यानं हाक मारली आणि तिनं ओळखलं. इथं बाया ढसाढसा रडल्या. नीलम्मानं मोठ्यानं हरहर केलं. मास्तरांनी साहेबाच्या बायकोच्या हाती आरतीचं ताटसुद्धा दिलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण काय बोलला! आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ही की बोलताना त्यांना बरं वाटत होतं. क्षणभर त्यांनाही वाटलं की साहेब खरंच आला, आणि बंदरावर उभी असलेली ती इरम्मा आहे.

द्वारकाबाईनं चौरंगावर डोकं टेकलं ते कितीतरी वेळ उचललं नाही. मास्तरांना ज्यासाठी हे सगळं वाचायचं होतं, ते रडू मात्र छातीत होतं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एक वयस्कर माणूस येऊन ओट्यावर बसला. सिताबाईचा बाप, कोंडीराम.

"मास्तर, एक इचारायला आलोय. येडशीला रेल्वेत सांधेवाला हाय, उत्तरेश्वर म्हणून. बायको बाळंतपणात गेली. माणूस निर्मळ. त्यो माझ्या पोरीशी पाट लावायला तयार हाय."

"बरं मग?"

"विहीणबाई म्हणाल्या व्हत्या, पोथी संपंस्तवर थांबा. कौल डावा पडला तर मी सोताच्या हातानं सुनंची पाठवणी करते, तिच्या जल्माचं मातेरं कशाला. मोठ्या मनाची बाई हो, म्या न्हाय म्हणत न्हाय. आता म्हणत्यात, माझा लेक येतोय, तुमी कुणाच्या बायकूचा पाट लावताय?" कोंडीरामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमी शिकलेले. परमुलखात गपगार झालेला शिपाई माघारी येतो का हो मास्तर?"

कालपर्यंत मास्तरांना वाटत होतं की आपल्या खोट्यानं एका आईचा जीव टांगणीवरून खाली घेतला. त्या टांगणीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बांधलेलं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. आताही वेळ गेली नव्हती. 'साहेब मेला, कोंडीराम. मी खोटं वाचलं.' एवढं एक वाक्य. पण तीस बाया, नीलम्माची घोंगडी, चौरंगावर टेकलेलं ते डोकं. उद्यापासून गावात तोंड कसं दाखवायचं?

"येतात," मास्तर म्हणाले. "कधी कधी येतात."

कोंडीरामनं टोपी घातली आणि तो गेला.

आणि चौथ्या दिवशी शाळेमागच्या आडावर सिताबाई भेटली. आजवर ती मास्तरांशी एक शब्द बोललेली नव्हती. पाणी शेंदून झालं होतं तरी ती घागर न उचलता उभी राहिली.

"मास्तर, सायेब खरंच आला का घरी?"

"ऐकलंस की तू."

"ऐकलं. पर पुस्तकात आला का?"

मास्तर शाळेकडं वळले.

"रोज तुमी चार वळी वाचून पान उलटायचा. त्या दिवशी येवढं लांब सांगितलं, पर पान उलटलं न्हाय. म्या बघत व्हते." तिचा आवाज खाली गेला. "म्या कुणाला सांगनार न्हाय. आत्याबाईंना तर न्हायच. फकस्त माझ्या बापाला सांगीन. तुमचं नाव बी घेनार न्हाय. आला का न्हाय, येवढंच सांगा."

याहून सोपं करून कुणी कुणाला काय विचारावं? तिथं ना मठ होता, ना बाया. पोरीनं त्यांची अब्रूसुद्धा झाकून ठेवली होती. पण एकदा खोटं पडलेल्या माणसाला खरं बोलायला पहिल्यापेक्षा जास्त धैर्य लागतं, आणि मास्तरांपाशी होतं तेवढं धैर्य आजवर दुसऱ्यांच्या पोरांना मठ्ठ म्हणण्यात खर्च झालेलं होतं.

"आला," मास्तर म्हणाले.

तिनं घागर उचलली. पुढं तिनं कधी विचारलं नाही.

उत्तरेश्वरानं दिवाळीपर्यंत वाट बघितली आणि दुसरीकडं पाट लावला. पुढच्या साली कोंडीराम पटकीत गेला. माहेरी भाऊ होते, पण भावांना आपापले संसार. गावात मात्र सिताबाईचं नाव मोठं झालं. हिच्या कुंकवासाठी गारांच्या मुलखातनं कौल आला म्हणून बाया लग्नकार्यात पहिली ओटी तिची भरायच्या, नव्या नवऱ्या तिच्या पाया पडायच्या. तीही मुकाट पाय पुढं करायची. द्वारकाबाई रोज एक भाकरी जास्तीची करायला लावायची. बब्रुवान अवेळी आला तर? सकाळी ती भाकरी म्हशीला जायची. मास्तरांनी पुस्तक ट्रंकेत तळाशी घातलं आणि वर इरम्माची पातळं ठेवली. ते बारीक झाले, शाळेत गप्प राहू लागले. बापांना आता म्हणायचे, "पोरगं बरं आहे, होईल पास."

लढाई संपली. गावचे, आसपासचे, जे यायचे ते शिपाई आले. बब्रुवान आला नाही. द्वारकाबाई म्हणायची, "सायेबाला तरी कुठं एका सालात आणलं? जहाजाला उशीर हुतो."

अठ्ठेचाळीसच्या चैत्रात दुसरा सरकारी कागद आला. कुठल्याशा कचेरीत वर्ष-दीड वर्ष पडून होता. त्या दिवसांत रझाकारांच्या धास्तीनं कितीतरी घरं सोलापूरच्या हद्दीत निघून गेली होती, पोलीस पाटलाचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यानं कागद मास्तरांच्या हाती दिला आणि "तुमीच वाचा जाऊन" म्हणून सुटका करून घेतली.

द्वारकाबाई अंगणात डाळ पाखडत होती. सिताबाई ओट्याशेजारच्या चुलीपाशी. मास्तरांनी उभ्याउभ्याच वाचलं, काही न गाळता. बब्रुवान शत्रूच्या कैदेत, कुठल्याशा बेटावरच्या छावणीत, तापानं वारला. तिथंच पुरला. खाली तारीख.

सूप क्षणभर थांबलं. "तारीख कवाची?"

"बेचाळीसचा दसरा झाल्यावर आठ दिवसांनी."

द्वारकाबाईनं मनाशी हिशेब केला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मंग बिघडलं कुठं? आपली पोथी त्रेचाळीसच्या श्रावणातली. कौल मागनं आलाय. सरकारचा कागद पैला, देवाचं बोलणं मागनं. खरं कुनाचं धरायचं?" सूप पुन्हा हलायला लागलं. "आन् त्यो सायेब तर गारांतनं आला. माझा लेक निस्ता पाण्यापलीकडं हाय."

मास्तर घरी गेले. ट्रंक उघडली, पातळं बाजूला केली आणि निळं पुस्तक घेऊन उन्हातून परत आले. दारातच म्हणाले, "द्वारकाबाई, मी खोटं वाचलं. जहाज आलं नाही. साहेब तिथंच मेला. हे बघा, आता वाचतो." आणि त्यांनी शेवटचं पान वाचलं. तारीख. सकाळ. पारा. म्हणाले, "इथं आकडा नाही. कोरं आहे." मग भावाच्या चार ओळी, फळी, दगड. वाचता वाचता त्यांचा आवाज फुटला. इतकी वर्षं छातीत अडकलेलं रडू एकदाचं बाहेर आलं. पण त्यात ना इरम्मा होती, ना साहेब. ते नुसतं सापडलेल्या गुन्हेगाराचं रडू होतं, आणि त्यानं काही हलकं झालं नाही.

द्वारकाबाई उठली. तिनं मास्तरांना हात धरून ओट्यावर बसवलं. "मास्तर, किती झिजलात ओ. घरात बाईमाणूस न्हाय, येळंला तुकडा न्हाय, माणसाचं डोकं फिरनारच. तीस बायांनी ह्या कानानं ऐकलंय. तीस बाया खोट्या आन् तुमी येकटे खरे? बसा. ताक आणते." ती आत गेली.

सिताबाई चुलीपासून उठून आली. पंचविशीतच तिच्या कानापाशी केस पांढरे झाले होते. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं मास्तरांच्या हातातला सरकारी कागद काढून घेतला.

"द्वारकाबाई मानत नाहीत," मास्तर म्हणाले. "पण तुला तर पटलं ना? तू चल, मी पाटलासमोर सांगतो, तुझ्या भावांना सांगतो, मठात सगळ्यांसमोर सांगतो."

"काय सांगताल?"

"की बब्रुवान गेला. की तू मोकळी आहेस."

"मोकळी," सिताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तवा सांगितलं असतं तर म्या येडशीला लेकरांची आई झाले असते. आता सांगून निस्ती रांड हुईन. ज्या बाया पाया पडत्यात त्याच माझ्या सावलीला बाजूला सरत्याल. कुंकू पुसून जाऊ कुठं? बाप न्हाय. भावांच्या दारात? तुमच्या?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"मला पैल्यापासनं ठावं व्हतं सायेब मेलाय," ती म्हणाली. "पर माझं कोण ऐकनार? तुमचं ऐकलं असतं."

तिनं कागद चुलीत सारला. आधणाखाली जाळ जरा मोठा झाला आणि बसला.

द्वारकाबाई ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली. मास्तरांच्या हातात देऊन समोर टेकली. म्हणाली, "मास्तर, मनात आलंय. लेकाला उशीर व्हायलाय, कायतरी आमच्याकडनं कमी पडलं असंल. ह्या श्रावणात परत पोथी लावू. तशीच, पैल्यापासनं. सायेब घरी येईस्तवर. वाचताल न्हवं?"

मास्तरांनी सिताबाईकडं बघितलं. ती सुनेनं उभं राहावं तशी चुलीआड, डोक्यावरून पदर घेऊन उभी होती.

"वाचतील की," ती म्हणाली. "न वाचून करतील काय, आत्याबाई?"

मास्तरांनी ताक संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि हो म्हणाले.